मुठीतला आकडा आणि पडद्यावरचा आकडा

मंडळी, मी विमा एजंट आहे. माणूस गेला की त्याचे कागद येतात, माणूस येत नाही, हा माझा धंद्यातला इतक्या वर्षांचा अनुभव. भूत, आत्मा, चाहूल वगैरे विषय निघाले की मी चहा मागवतो आणि सांगणाऱ्याची यथेच्छ टिंगल करतो. तेव्हा आज माझी टिंगल करायची तुम्हाला पूर्ण मुभा आहे. फक्त शेवटपर्यंत ऐका.

साल सत्त्याण्णव, उन्हाळा. गाव पारनेर. एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत प्रकाशचा टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास होता, वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. वेळ रविवारी दुपारी तीनची. भुताला यायला याहून गैरसोयीची वेळ शोधून सापडणार नाही... बाहेर ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं.

आम्ही तिथे एक खेळ खेळायचो. आमचा मित्र दानियल हायस्कूलला शिक्षक. त्याच्या पुण्याच्या भावाने त्याला एक इंग्रजी पुस्तक दिलं होतं. खेळ साधा आहे. एकाने सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगायची — समोर दरी आहे, पूल मोडका आहे, बोला काय करता? बाकीच्यांनी एकेक गडी घ्यायचा आणि त्याच्या वतीने बोलायचं. गडी उडी मारतो म्हणालात, की एक ते वीसमधला एक आकडा काढायचा. मोठा आला तर पार, लहान आला तर हाडं मोडली. यासाठी वीस बाजूंचा फासा लागतो. तो मी नगरच्या कापड बाजारात विचारला, तेव्हा दुकानदाराने मला पाणी प्यायला दिलं. शेवटी दानियलने घरच्या हाऊजीतल्या एक ते वीस आकड्यांच्या लाकडी सोंगट्या काढल्या, पँटच्या कापडाची पिशवी शिवली आणि आमचा फासा तयार झाला.

दानियल सूत्रधार. मी, प्रकाश आणि मिलिंद खेळणारे. मिलिंद दूध डेअरीत होता. त्याचा गडी हैबती.

पुढे पुण्याच्या एका इंजिनिअरने केलेला प्रोग्रॅम दानियलने फ्लॉपीवर आणला. गड्यांची माहिती, नकाशे, कुणाच्या पिशवीत किती दोर शिल्लक आहे, सगळं तो लक्षात ठेवायचा. आकडाही तोच काढायचा. पिशवी निवृत्त झाली. ती मिलिंदने खिशात घातली, म्हणाला, "मशीनवर भरवसा न्हाई आपला." पण हैबतीची माहिती त्याने स्वतःच मशीनमध्ये भरली, एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मराठी. उंच. तापट. बापाला सोडून कुणाला भीत नाही.

प्रोग्रॅमला अट एकच होती. चाळीस बैठका फुकट. चाळिसावी संपली की कुलूप. मग साडेआठशे रुपयांचा ड्राफ्ट पाठवायचा, पोस्टाने किल्लीचा आकडा येणार, तो घातला की कायमचं उघडं.

एकोणिसावी बैठक झाली आणि त्याच आठवड्यात सुप्याजवळ मोटारसायकलवर मिलिंद गेला.

महिन्याभराने त्याचे वडील क्लासचा जिना चढून आले. आम्ही त्यांना अण्णाच म्हणायचो. आय.टी.आय.मधून रिटायर झालेले फिटर, धिप्पाड माणूस. हातात ती पिशवी.

"ही तुमची हाय का रे? त्याच्या पँटीत घावली. आकडं हायेत आत."

दानियलने त्यांना बसवलं, खेळ समजावला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता त्या हैबतीचं काय झालं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काहीच झालं नव्हतं. हैबती दरीच्या अलीकडच्या वाडीत उभा होता, तसाच. कुणाच्या तोंडून त्याचं नाव निघत नव्हतं.

"मी बसू का त्याच्या जागी?" अण्णा म्हणाले.

आणि ते बसायला लागले. दर रविवारी. येताना शेंगदाणे आणायचे, आल्यावर मला मिलिंदने टाईप केलेलं वाचून दाखवायला लावायचे. "बापाला सोडून कुणाला भीत नाही" आलं, की हसायचे. "लबाड हाय. मला तर कदीच भ्यालं न्हाई ते."

पण हैबतीचे हाल विचारू नका! एवढा तलवारबहाद्दर, अण्णांच्या हाती आल्यावर त्याला वाडीबाहेर पाऊल टाकू देईनात. आम्ही दरीकडे निघालो की अण्णा म्हणायचे, "त्याला हितंच ऱ्हाऊ द्या. सरपण आणंल. थंडी हाय तिकडं. कानटोपी हाय का त्याच्याकडं?" सरपण आणण्यासाठी सुद्धा आकडा काढावा लागायचा. प्रकाश बटण दाबायचा, पडद्यावरचा आकडा धरायचा. अण्णा आपले टेबलाखाली पिशवीत हात घालून एक सोंगटी मुठीत धरायचे. आम्हाला वाटायचं, मुलाची वस्तू आहे, धरू देत.

असं करत चाळिसावी बैठक आली.

"साडेआठशे," मी दानियलला म्हणालो. "अरे, तेवढ्यात मी तुझा विमा उतरवतो. वहीत उतरवून घे सगळं."

"मिलिंदने बसून टाईप केलंय ते," दानियल म्हणाला. "माझ्या वहीत माझं अक्षर राहील. मी भरतो एकटा."

"भरताय कशाला?" प्रकाशला भलताच हुरूप आला होता. "दोन तास द्या, कुलूप तोडून देतो. फुकट!"

"चोरी करून मिलिंदला ठेवायचं होय?"

"मास्तर, चर्च सकाळीच सुटलं ना?"

"तू बटण दाब," दानियल म्हणाला. "बैठक पुरी करू, मग बघू."

प्रकाशने हैबतीच्या सरपणासाठी बटण दाबलं. पडद्यावर चौदा. त्याच वेळी अण्णांनी शेंगदाणे घ्यायला मूठ उघडली आणि सोंगटी टेबलावर पडली. चौदा.

"वा अण्णा!" मी म्हणालो. "आज मटका लावा."

"ह्यात काय नवल? मशिनवर जो येतो, त्योच हितं येतो की."

"म्हणजे?"

"दर येळी येतो. पहिल्या रविवारपासनं." अण्णा आमच्या तोंडाकडे पाहायला लागले. "तुमच्या खेळात असंच असतंय ना?"

पत्र्यावर उन्हाचा कडकड आवाज येत होता.

मी लगेच पिशवी उलटी केली. वीस सोंगट्या, वीस वेगळे आकडे. पुन्हा भरल्या, मीच हलवल्या. अण्णांनी आधी सोंगटी मुठीत घेऊन मूठ वर धरायची आणि मग प्रकाशने बटण दाबायचं, असं ठरवलं. पडद्यावर सात, मुठीत सात. प्रकाशने दुसऱ्या मशीनवर फ्लॉपी घातली. पडद्यावर दोन, मुठीत दोन. मग मी माझ्या गड्यासाठी सोंगटी काढली, चुकली. अण्णांनी माझ्या गड्यासाठी काढली, तीही चुकली. पुन्हा हैबतीसाठी काढली — एकोणीस, एकोणीस. आणखी एकदा — अकरा, अकरा.

पाच वेळा. विसाचा पाचवा घात होतो बत्तीस लाख. बत्तीस लाखांत एकदा घडावं असं काहीतरी माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं. आणि अण्णांच्या म्हणण्यानुसार ते वीस रविवार घडत होतं! मशीन जुळवून ठेवलं म्हणावं, तर प्रकाशच सगळ्यांत जास्त घाबरला होता. हातचलाखी म्हणावी, तर त्या जाड, कातडी निबर झालेल्या बोटांत चलाखी कुठून यायची?

"अण्णा," दानियल हळूच म्हणाला, "खेळात असं नसतं."

"नसतं?"

"कधीच नसतं."

अण्णांनी पिशवी जवळ ओढून घेतली. मग म्हणाले, "म्हंजे ते हाय हितं."

मग ते दानियलकडे वळले.

"मास्तर, पैसं भरलं की कुलूप लागायचं न्हाई, व्हय ना?"

"नाही लागणार. कायम राहील, अण्णा. मी उद्याच ड्राफ्ट काढतो."

"कायम म्हंजे... असंच? वाडीत? सरपण आणत?"

दानियलने मान हलवली. अण्णांनी कपाळावरचा घाम पुसला.

"म्हंजे त्याला जाताच यायचं न्हाई," ते म्हणाले. "मीच धरून बसलोय व्हय रं त्याला."

"अण्णा, तसं नाही..."

"पैसं भरू नका." आवाज फिटरचा होता, वर्कशॉपमधल्या पोरांना सांगावं तसा. "दरी हाय न्हवं फुडं? जाऊ द्या त्याला."

दानियलने गोष्ट सांगायला सुरुवात केली. पहाट झाली आहे, हैबती वाडीतून निघाला आहे, पूल मोडका आहे, खाली धुकं आहे. अकरा किंवा वर आला तर पलीकडे.

"कानटोपी न्हाई घालत," अण्णा म्हणाले. "काढून टाकतोय. त्याला आवडायची न्हाई."

त्यांनी पिशवीत हात घातला, मूठ वर काढली. प्रकाशने बटण दाबलं.

पडद्यावर अठरा. हैबती पलीकडे.

अण्णांनी मूठ उघडायला वेळ घेतला. मी खोटं बोलणार नाही, त्या क्षणी मी मनात अठराच म्हणत होतो. बोटं एकेक करून उघडली.

तीन.

अण्णांनी ती सोंगटी उलटीपालटी करून पाहिली. "गेलं," ते म्हणाले, आणि मान खाली घालून रडले. मिलिंद गेला तेव्हा, मातीच्या दिवशीही, हा माणूस रडला नव्हता.

थोड्या वेळाने दानियलने बैठक संपवली. मशीनने विचारलं, नोंदणी करणार का? प्रकाशने अण्णांकडे पाहिलं आणि नाही म्हणून बटण दाबलं. कुलूप लागलं. पुढे प्रकाशने ते कधी तोडलं नाही, आणि तो कुलूप न तोडता राहिला हीसुद्धा त्याच्या बाबतीत एक अमानवीय घटनाच समजा.

हे का झालं, मला माहीत नाही. नगरच्या गणिताच्या एका प्राध्यापकांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, बत्तीस लाखांत एकदा म्हणजे एकदा होतंच. वीस रविवारांचं विचारल्यावर म्हणाले, ते तुम्ही पाहिलेलं नाही, म्हाताऱ्याचं ऐकलेलं आहे. बरोबर आहे त्यांचं. पण पाच वेळा मी पाहिलं, आणि सहाव्यांदा नेमकं का चुकलं, ते त्यांनी सांगितलं नाही. मलाही आजवर सांगता आलेलं नाही.

पुढच्या रविवारी आम्हाला वाटलं, अण्णा आता येणार नाहीत. तीन वाजता जिन्यावर पावलं वाजली. शेंगदाण्यांची पुडी टेबलावर ठेवून ते खुर्चीत बसले.

दानियलने कोरी वही उघडली. "अण्णा, नवा गडी घ्यावा लागेल. कसा पाहिजे? तरुण, शूर?"

"म्हातारा घ्या," अण्णा म्हणाले. "लई शूर नको. दरीपतुर चालत जाईल, एवढा असला म्हंजे झालं."