आतल्या खोलीचा आकडा

हे मी बायकोला सांगितलं नाही, दुकानातल्या भागीदाराला सांगितलं नाही. देवळात हात जोडतानाही हा विषय तेवढा वगळून बाकीचं मागून घेतलं. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तर मध्येच उठू नका. मी भरकटलो तर — भरकटणारच, इतकी वर्षं दुसरं केलंय काय? — तर ओढून मूळ गोष्टीवर आणा.

अमरावतीत लोक मला 'भिंतींचा डॉक्टर' म्हणतात. वैताग येतो. कौतुकाने म्हणतात, म्हणून तर जास्तच येतो. कुणाच्या घरात रेडिओ खरखरला की मला बोलावणं. मी जायचं, भिंतींवर टकटक करायचं, आढ्याकडे बघायचं आणि सांगायचं, इथे नको, तिथे ठेवा. आणि खरंच तिथे नीट लागतो! लोक खूश. 'तुमचा अंदाज कधी चुकत नाही बुवा.' कधी चुकत नाही म्हणे. हे वाक्य कानावर पडलं की आजही वाटतं, समोरच्या माणसाच्या हातातला चहाचा कप काढून घ्यावा आणि म्हणावं, जा बाबा आता घरी.

तर ऐका. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता आणि मोठी लढाई चालू होती. मी अकोल्याला एका रेडिओच्या दुकानात मिस्तरी होतो. पंचविशीचा. रेडिओला घराबाहेर लांब एरियल लागायची, पण लढाईने तांब्याची तार बाजारातून पार गायब केली होती. मिळेल तेवढी तुकडाभर तार खोलीतच आढ्याला बांधायची आणि भागवायचं. मग घराच्या कुठल्या खोलीत रेडिओची लाट किती पोचते, भिंती आणि छप्पर तिच्यातलं किती खातात, हे आधी बघणं आलं. ते बघायची युक्ती माझी होती. दुकानात कुणालाच ती सुचली नव्हती, आणि याचा मला किती माज होता ते विचारू नका.

युक्ती साधी. एक लहान रेडिओ, त्याला कानावर लावायचे हेडफोन. आवाजाच्या खुंटीभोवती मी कागदाची चकती चिकटवली होती, एक ते दहा आकड्यांची. अंगणात उभं राहून मुंबई स्टेशन लावायचं आणि बोलणं स्पष्ट ऐकू येईपर्यंत खुंटी फिरवायची. तो आकडा वहीत लिहायचा. मग एकेका खोलीत जाऊन तेवढंच स्पष्ट ऐकू येईपर्यंत पुन्हा फिरवायची. आकडा जितका मोठा, तितकी त्या खोलीत लाट कमी. एवढंच. यात खोटं बोलायला जागा तरी आहे का? पण मी ती काढली.

दर्यापूरकडच्या एका गावातून बोलावणं आलं. मूर्तिजापूरहून छोट्या रुळांच्या आगगाडीने दर्यापूर आणि तिथून पुढे बैलांच्या दमणीत बसून, हाडं खिळखिळी करत. घर मोठ्या कास्तकाराचं. काळी जमीन, गाय-बैल, माणसांचा राबता. घरधनी बापूसाहेब. त्यांचा एकुलता एक मुलगा नारायण बापाशी भांडून फौजेत मोटार मेकॅनिक म्हणून गेला होता आणि कुठेतरी समुद्रापलीकडे होता. त्याचं पत्र आलं होतं, त्यात लिहिलं होतं: फौजेतल्या लोकांचे निरोप त्यांच्याच आवाजात रेडिओवरून देतात, माझाही घेतलाय, पुढच्या महिन्यात संध्याकाळी कधीतरी लागेल, घरी ऐका. त्या एका ओळीपायी बापूसाहेबांनी रेडिओ घेतला.

तो ठेवायचा कुठे, हाच प्रश्न होता. समोर नवी बैठक होती. विटांची आणि वर चकचकीत टिनाचं छप्पर. बापूसाहेबांना त्या टिनाचा फार अभिमान. मागे जुनं माजघर होतं, जाड मातीच्या भिंतींचं, वर कवेलू, म्हणजे भाजक्या मातीची कौलं. आणि त्या घराची रीत अशी की सुनांनी बैठकीत पाऊल टाकायचं नाही. नारायणची बायको सुभद्रा तेव्हा फार तर वीस वर्षांची असेल. रेडिओ बैठकीत राहिला तर तिने नवऱ्याचा आवाज ऐकायचा कसा?

बापूसाहेब रीतीचे कडक, पण दुष्ट नव्हते. हे मला मुद्दाम सांगायचंय. त्यांनी मला सरळ सांगितलं, "मिस्तरी, अंदर चालत असन तं अंदरच ठेवा. सुनेले आयकाचं हाय. आमी दारात बसून आयकू. पन अंदर नसनच येत, तं मंग बैठकीत."

म्हणजे सगळं माझ्या आकड्यावर होतं. बरोबर?

आणि मी काय केलं? रेडिओ पेटीतून काढण्याआधीच तोंड उघडलं. बैठकीत गावातली दहाबारा माणसं जमलेली, शेंगदाणे आलेले, चहा आलेला. मी त्या सगळ्यांसमोर लेक्चर झोडलं. म्हटलं, मातीची भिंत दीड हात जाडीची, आत लाट मरते. आणि हे टिन म्हणजे धातू, ते लाट ओढून घेतं, तुमचं हे अख्खं छप्पर म्हणजे एक मोठी एरियलच समजा. बापूसाहेबांची छाती फुगली. कुणीतरी म्हणालं, "शिकेल मानूस हाय बॉ." मला आणखी काय पाहिजे होतं?

मग मी हेडफोन लावून फिरलो. बैठकीत आकडा आला नऊ. खुंटी जवळजवळ शेवटाला, आणि तरी बोलणं कसंबसं खरखरीतून येणारं. मला वाटलं, काहीतरी सुटलंय. पुन्हा बघितलं. नऊ. माजघरात गेलो, चार. पुन्हा बघितलं, चार. अंगणात तीन होता, म्हणजे त्या जाड भिंती जवळजवळ काहीच खात नव्हत्या. वाळलेली माती आणि कवेलू लाटेला वाट देत होते, आणि ते चकचकीत टिन तिला वरच्या वर परतवत होतं. आज हे मी कुणालाही झोपेतसुद्धा सांगेन. तेव्हा मी माजघरात उभा होतो, कानात मुंबईचा माणूस बाजारभाव स्पष्ट सांगत होता, आणि मी चिडलो होतो. कुणावर? भिंतींवर, टिनावर, त्या मुंबईच्या माणसावर. स्वतःवर सोडून सगळ्यांवर.

स्वयंपाकघराच्या दाराआडून त्या सुनेचा आवाज आला, "भाऊ, येते का हो आवाज अंदर?"

मी नुसती मान हलवली — नाही म्हणून. ती दाराच्या फटीतून बघत असणार, कारण नंतर काहीच विचारलं नाही.

बाहेर येऊन वहीत लिहिलं: बैठक चार, माजघर नऊ. दोन आकड्यांची अदलाबदल, बस. वही बापूसाहेबांपुढे धरली. त्यांनी आकडे बघितले, मग म्हणाले, "मंग काय, बसवा इथंच." बैठकीत रेडिओ जरा तरी बोलावा म्हणून जवळची दहा हात तार मी खिडकीतून बाहेर काढून कडुनिंबाला बांधली. खरखरत का होईना, बोलायला लागला. त्यावर वाहवा झाली. ती वाहवा मी घेतली, जेवलो, पानसुद्धा खाल्लं.

परत जाऊन सांगता आलं नसतं का? आलं असतं. 'बापूसाहेब, माझी चूक झाली, रेडिओ आत न्या.' एवढंच एक वाक्य. महिनाभर वेळ होता. पोस्टकार्डसुद्धा पुरलं असतं. मी अकोल्यात बसून दुसऱ्यांच्या भिंती मोजत राहिलो. हात गळून पडले होते का माझे? काहीही झालं नव्हतं. मला फक्त माझं हसं व्हायला नको होतं.

पुढचं मला कळलं ते फार वर्षांनी. तोवर अमरावतीत माझं स्वतःचं दुकान झालं होतं आणि डोकं पांढरं झालं होतं. एक बाई आली, भावाच्या मुलीला बरोबर घेऊन. हातात धरायचा ट्रान्झिस्टर पाहिजे म्हणाली. गावाचं नाव सांगितलं, आणि माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुमी आले होते आमच्या घरी. मशीन घेऊन."

ती सुभद्रा होती. नारायण लढाईतून परत आला नव्हता. त्याचा निरोप मात्र लागला होता, ठरल्या महिन्यातच. बैठक माणसांनी भरलेली, त्यात रेडिओची खरखर. नाव आणि गाव ऐकू आलं, पुढचं कुणालाच धड समजलं नाही. ती मधल्या बंद दाराला कान लावून उभी होती. तिला काहीसुद्धा ऐकू आलं नाही. बापूसाहेबांनी नंतर दाराजवळ येऊन सांगितलं, "बरा हाय म्हने." तेही त्यांनी मनानेच सांगितलं असणार, असं ती म्हणाली.

हे सगळं तिने शांतपणे सांगितलं. रडली नाही. वर म्हणाली, "मी सासऱ्याले जन्मभर माफ नसतं केलं. पन त्याईनं तं अंदर ठेवाले हो म्हटलं होतं. तुमी मशीन लावून पायलं, तवा कुनाले दोष देऊ? भित्तीले?" आणि मग, पैशांची पिशवी उघडता उघडता, सहज विचारल्यासारखं, "नाईच येत होता ना जी अंदर?"

मी पंचवीस वर्षांचा नव्हतो तेव्हा. समोर बैठक नव्हती, शेंगदाणे नव्हते, वाहवा करायला कुणी नव्हतं. एक म्हातारी होत चाललेली बाई होती आणि तिला खरं ऐकायचं होतं. तिला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोललो, असं म्हणायची सोय आहे. पण तसं नाही. मी घाबरलो.

"नाही," मी म्हटलं. "येत नव्हता."

तिने मान हलवली. मी तिला ट्रान्झिस्टर चालू कसा करायचा, स्टेशन कसं फिरवायचं ते दाखवलं. तिने पैसे दिले, मुलीच्या खांद्याला धरून दुकानाची पायरी उतरली. मागे एक गिऱ्हाईक थांबलं होतं. त्याला मी विचारलं, बोला, तुम्हाला काय पाहिजे?