वेलचीयुक्त मलम

माझ्या मुलीच्या अंगाला मी एकदा श्रीखंड चोपडले आहे. तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या पद्धतीने!

ईराला लहानपणापासून एक्झिमा. डॉक्टरांचा नियम सोपा होता: लाल चट्ट्यांवर ट्यूबमधले औषध पातळसे, आणि आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच पांढरे मलम सढळ हाताने. कोलकात्याच्या उकाड्यात ते फ्रिजमध्ये ठेवा, गार मलमाने खाज शमते, असेही ते म्हणाले. मलमाच्या डब्याचे झाकण फुटले, तेव्हा मी ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरले. (आमच्या घरात श्रीखंडाचा डबा टाकून देत नाहीत. बदल्यांमध्ये फर्निचर विकले, डबे मात्र कोलकात्यापर्यंत आले.)

पाडव्याला मी हौसेने चक्का बांधून श्रीखंड केले. केशर नव्हते, त्यामुळे रंग पांढराशुभ्र. भरले कशात, हे सांगायला हवे का?

त्याच संध्याकाळी आमच्या बालीगंजच्या इमारतीत मुलांचा नाच होता, हातात हात धरून गोल फिरायचा. आदल्या दिवशीच्या तालमीत शेजारच्या सेनकाकिमांच्या नातीने, तितलीने, ईराचा हात सोडून दिला होता. "तोर हात खॉसखॉसे!" म्हणाली. खरखरीत. ईरा घरी येऊन पलंगाखाली बसली आणि "मी नाच नाही करणार" एवढेच म्हणत राहिली. मला फार वाईट वाटले. मी ठरवले, उद्या असे मलम लावायचे की हात लोण्यासारखे झाले पाहिजेत.

म्हणून पाडव्याला आंघोळ होताच मी डबा काढला आणि सढळ म्हणजे अगदी सढळ हाताने लावले. वास आला, पण सकाळपासून वेलची कुटून माझ्या नाकात दुसरे काही शिरतच नव्हते.

"बाबा, आज मलम गोड आहे!"

"चाटू नकोस. औषध आहे ते."

"पण छान आहे! आणि... आई गं! बाबा, झोंबतंय!"

"गार आहे ना, म्हणून तसं वाटतं," मी डॉक्टरी आवाजात म्हणालो.

तेवढ्यात काकिमा तितलीला घेऊन जेवायला आल्या. मी ईराला टॉवेलात गुंडाळून बसवले आणि पुऱ्यांबरोबर फ्रिजमधला तसाच दुसरा डबा वाढला. काकिमांनी पुरीचा तुकडा बुडवून तोंडात टाकला. तो सावकाश गिळला. मग अतिशय सभ्यपणे म्हणाल्या, "दारुण! शुधू चीनी एकटू कोम." (बंगालीत दारुण म्हणजे फक्कड.)

"साखर कमी?" माझी बायको वैशाली पुऱ्या सोडून बाहेर आली. तिने वाटी हुंगली, मग ईराला हुंगले, मग माझ्याकडे पाहिले.

"अरे, पोरीला श्रीखंड फासलंस तू?"

वैशालीने काकिमांपुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि ईराला उचलून बाथरूममध्ये नेले. मी हात जोडून काकिमांना खरे काय ते सांगितले. त्यांनी चूळ भरली, ओठांवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "ताई भाबछि, ठोंट एतो नरोम केनो!" (तरीच म्हटलं, ओठ इतके मऊ कसे!) आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या. तितलीने मात्र आजीचे ओठ चाचपून पाहिले आणि थेट बाथरूमच्या दाराशी जाऊन उभी राहिली. वैशाली ईराला कोमट पाण्याने धुऊन, टिपून, आधी ट्यूब आणि मग दुसऱ्या डब्यातले मलम नीट लावीत होती. तितली ते सगळे बघत होती. शेवटी तिने एक बोट पुढे करून ईराच्या तळहातावर फिरवले.

संध्याकाळी नाच सुरू झाला तेव्हा मी खांबाआड उभा होतो, कारण समोर उभे राहायचे धैर्य नव्हते. तितली रांग सोडून आली आणि तिने ईराचा हात आपणहून धरला. नाच संपला तरी धरूनच होती. माझे डोळे भरून आले.

"बघितलंस?" मी वैशालीला म्हणालो. "मलमाने गुण आला!"

"येतो ना," ती म्हणाली. "फक्त ते पाहुण्यांना वाढायचं नसतं."