मोटर वर काढली तो रविवार

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीतच शाळा सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घाला. पण तो रविवार मला लिहून ठेवायचाच आहे.

आमचा भाजीचा मळा गोदावरीच्या काठाला, धरणाच्या खाली. मोबाइल नुकते आले होते, तेव्हाचा पावसाळा. अंबडच्या कारखान्यातला एक दादा आमच्याकडे आला. मळ्यापुढच्या खडकांतून पाणी फेसाळत उतरतं, तिथे त्याला आणि त्याच्या दोस्तांना एकट्याने बसायच्या निमुळत्या होड्या चालवायच्या होत्या. कयाक म्हणत त्यांना. दिवसा होड्या, संध्याकाळी पडद्यावर नद्यांचे सिनेमे आणि पेठकडच्या मंडळींची पावरी, ते भोपळ्याचं फुंकायचं वाद्य. पन्नास माणसांचं जेवण कोण करेल, असं त्याने विचारलं आणि मी दाराआडून म्हणाले, "मी करते." आमचे हे बघतच राहिले.

पैसे जेवणानंतर मिळणार होते, सामान आधी आणायचं होतं. बचत गटातून दोन हजार उचलले. जाऊ जामीन राहिली. म्हणाली, "बुडवलेस तर तुझी म्हैस माझ्या दावणीला."

रविवारी सकाळी गाड्यांच्या टपांवर लाल-पिवळ्या होड्या आल्या. होडीत पाणी शिरू नये म्हणून मुलामुलींनी कमरेला रबरी घागरे चढवले. पण नदीत पाणी गुडघाभर. होड्या दगडांना घासायला लागल्या. आज धरणातून पाणी सुटणार नाही, अशी कुणीतरी बातमी आणली. दादा म्हणाला, "इथे बसून उपयोग नाही. वैतरणेकडे निघू." माझी मटकी चुलीवर रटरटत होती, निम्म्या भाकरी झाल्या होत्या. ते गेले तर खाणार कोण?

तेवढ्यात किराणा दुकानातून निरोप आला, भावाचा फोन आहे. त्याची शेती धरणाला लागून. पाणी सुटलं की तो दर वर्षी आधी मला कळवतो, कारण नदीतली मोटर वेळेवर काठावर नाही काढली तर वाहून जाते.

"आक्का, मोटर वर घ्या. दारं उघडली."

मी पळत आले. "अहो, सांगा ना त्यांना."

"तूच सांग. भाऊ तुझा हाय."

"म्हणतील, बाईला मटकी खपवायची आहे."

"खपवायची तर हायच की."

दोनदा त्या दादाच्या मागे जाऊन उभी राहिले. तो होडी गाडीला बांधत होता. दोन्ही वेळा तशीच परत फिरले. मग पदर खोचला, सरळ नदीत उतरले आणि मोटरचे दोर सोडायला लागले. हे बडबडत मागे आले. पाच हॉर्सची मोटर दोघांना हलेना.

दादा काठावर आला. "वहिनी, बिघडली का मोटर?"

"नाही. पाणी येतंय," मी खाली बघून म्हणाले.

"नक्की?"

मी पुन्हा दोर ओढायला लागले. त्याने माझ्या चिखलाने भरलेल्या हातांकडे पाहिलं, मोटरकडे पाहिलं. मग पोरांना हाक मारली, "होड्या खाली घ्या रे," आणि स्वतः दोराला हात लावला.

मोटर बांधावर पोचली आणि तासाभरात नदीचा आवाज बदलला. आधी पाचोळा आला, मग तांबडा फेस, आणि आमचा धुण्याचा दगड दिसेनासा झाला. होड्या एकामागून एक खडकांत शिरल्या. एक उलटली. आतल्या मुलीचं डोकं पाण्याखाली गेलं आणि माझ्या हातातलं उलथणं पडलं. पण ती दुसऱ्या बाजूने वर आली, तीही हसत. मला वाटलं, मीच पाण्यातून वर आले.

संध्याकाळी टोमॅटोच्या बांबूंना पांढरी चादर ताणली. परदेशातल्या नद्या दाखवून झाल्या आणि अचानक चादरीवर मी. पदर खोचलेली, दोर ओढणारी. कुणीतरी दुपारीच चित्रण केलं होतं. टाळ्या पडल्या. पावरीवाल्यांनी माझ्या ओढण्याच्या ठेक्यावर सूर धरला. मी जावेच्या पाठीमागे लपले.

"आता कशाला लपतीस?" ती म्हणाली. "समद्यांनी बघितलं."

भाकरी इतक्या खपल्या, की आम्हा दोघींना करपलेल्या दोनच उरल्या. त्याच खाल्ल्या. दादाने दिलेल्या पैशांतून गटाच्या पुढच्या बैठकीत मी दोन हजार आणि वर व्याज ठेवलं. जावेने गटाच्या वहीतली माझी ओळ मोठ्याने वाचून घेतली. बाकी काही राहिली नव्हती.