पेनांगच्या बसला डबल बेल

सव्वीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होते. त्यातली बरीचशी संभाजीनगर ते फर्दापूर या फेरीवर गेली. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तेव्हा लेकीनं आम्हा दोघांना सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजावर धाडलं. "जरा आराम करा," म्हणाली. आराम म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या नवऱ्याला चांगलंच ठाऊक होतं, कारण ते शाळेत भूगोलाचे मास्तर होते.

तिसऱ्या दिवशी जहाज पेनांग नावाच्या बेटाला लागलं. साडेचारच्या आत परत या, नंतर शिडी उचलणार, जहाज कुणासाठी थांबणार नाही, असं लाउडस्पीकरवर तीनदा सांगितलं. जहाजवाल्यांची सहल होती. छत्री उंच धरलेल्या एका बाईमागं सगळ्यांनी ओळीनं चालायचं. मी साफ नाही म्हटलं.

"मग फिरायचं कसं?" ह्यांनी विचारलं.

"बसनं. जिथं बस हाय तिथं मी हरवत नाय."

"पडेगावला माझ्या बहिणीकडं जाताना हरवली होतीस."

"तवा रिक्षा होती."

धक्क्यापासून पाच मिनिटांवर बसस्टँड सापडला. समुद्रकिनाऱ्याला जाणारी बस लागलेलीच होती. आत चढले आणि माझं डोकंच फिरलं. गाडीत कंडक्टर नाही! ड्रायव्हरशेजारच्या डब्यात पैसे टाकायचे आणि गुमान बसायचं. एवढी मोठी एसी गाडी, आणि लोकांना मागं सरका म्हणणारं कुणी नाही. जाताना आम्हाला ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली, त्यामुळं मी त्याच्या मानेकडं रागानं बघत राहिले. पाऊण तासात पोचलो. किनाऱ्यावर पाय ओले केले, शहाळं प्यायलो, आणि सव्वातीनची बस पकडून परत निघालो. घाई नको म्हणून ही वेळ मीच काढली होती. वेळेच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

येताना जागा मिळाली ती मागच्या दाराजवळ. समोरच्या दांड्यावर एक लाल बटण होतं. पहिल्या स्टॉपला एक म्हातारा काठी टेकत हळूहळू उतरला. त्याचा दुसरा पाय जमिनीला लागला, दार मिटलं, आणि माझा हात आपोआप बटणावर गेला. टिंग, टिंग. गाडी निघाली.

आमच्याकडं एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. हे ड्रायव्हरला सांगावं लागत नाही, झोपेतही कळतं. इथल्या ड्रायव्हरलाही कळलं म्हणून मला कौतुक वाटलं. खोटं कशाला बोलू, छातीत गार गार वाटलं. रिटायर झाल्यापासून भाजी निवडायची, टीव्ही लावायचा, परत भाजी निवडायची, असं चाललं होतं. आज पुन्हा माझ्या हातून एक गाडी सुटली होती.

पण पुढच्या स्टॉपला गाडी थांबली. दार उघडलं. कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही. मी दोनदा वाजवून गाडी सोडली. त्याच्या पुढच्या स्टॉपला पुन्हा तेच. मग प्रत्येक स्टॉपला. झाडाखाली एक कुत्रं झोपलं होतं, त्या स्टॉपलासुद्धा हा पठ्ठ्या दार उघडून बसला. मी घड्याळ बघितलं. चार वाजायला आले होते आणि निम्मी वाटही सरली नव्हती.

"लई आळशी हाय हा," मी ह्यांना म्हटलं. "मी हाय म्हणून गाडी चाललीय तरी!"

हे खिडकीबाहेर बघत राहिले. लोक वळून वळून माझ्याकडं बघायला लागले. त्यांना माझं काम पटलं असणार, असं मला वाटलं. मी बटण आणखी जोरात दाबायला लागले.

शेवटी ड्रायव्हरनं गाडी कडेला उभी केली, उठून मागं आला आणि वर बोट दाखवलं. छताजवळ लाल इंग्रजी अक्षरं पेटली होती. मला काही उमजेना. तेव्हा पलीकडच्या सीटवरच्या, मांडीवर भाजीची पिशवी घेतलेल्या आजीबाईनं बटणाकडं बोट केलं, मग दाराकडं केलं आणि उतरायची खूण केली. मला टाळकं बडवून घ्यावंसं वाटलं. तिथं एकदा वाजवा, दोनदा वाजवा की दहादा, अर्थ एकच होता: पुढच्या स्टॉपला थांबव, मला उतरायचंय. म्हणजे गाडी सोडत नव्हते मी. प्रत्येक स्टॉपला मीच ती अडवत होते.

सव्वाचारला पाच कमी होते. ह्यांनी ड्रायव्हरला जहाजाचं कार्ड दाखवलं आणि मनगटावर टिचकी मारली. तो धावतच जागेवर गेला. मी दोन्ही हात पदरात गुंडाळून मांडीवर घट्ट धरले. आता एकेक रिकामा स्टॉप मागं पडत होता, आणि लाजेनं मला वर बघवत नव्हतं. सव्वीस वर्षांत एकही पॅसेंजर मागं सोडला नव्हता, आणि आज आम्हीच दोघं परमुलखात मागं राहणार होतो. आमचा स्टॉप आला तेव्हा बटण आजीबाईनंच दाबलं. मला कुणी हात लावू दिला नाही.

आम्ही पळालो. माझी चप्पल तुटली, तशीच हातात घेतली. शिडी चढलो तेव्हा साडेचारला दोन मिनिटं होती. वर डेकवर कठड्याला टेकून धापा टाकत मी ह्यांना विचारलं, "ती लाल अक्षरं तुम्हाला वाचता येत नव्हती व्हय?"

"येत होती की. तिसऱ्या स्टॉपलाच वाचली."

"आन् बोलला नाय? जहाज गेलं असतं म्हंजे?"

ह्यांनी कपाळाचा घाम पुसला. "दोन वर्षं तुला तोंड पाडून बसलेली बघतोय. आज पहिल्यांदा खुशीत होतीस. म्हटलं, अजून एक स्टॉप वाजवू दे."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. चप्पल उगारली होती, ती खाली ठेवली. खाली माणसांनी दोर सोडले, शिडी वर आली. माझा हात आपोआप लोखंडी कठड्यावर दोनदा वाजवायला उचलला गेला.

ह्यांनी झटकन मनगट धरलं. "नको. थांबलं तर?"