जावळाआधीचं ऊन

ती मुलगी अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी पनवेलच्या एका पोलीस ठाण्यात झाडलोट करायची. महिला पोलीस नसली की चौकशीला आणलेल्या बाईची झडती घ्यायला आणि तिच्याजवळ बसायला मलाच बोलवत.

दवाखान्यातून निरोप आला. दीड वर्षाच्या मुलीचं मांडीचं हाड मोडलंय, बरगडीही आधी कधीतरी मोडलेली दिसते आणि घरचे म्हणतात, ती पडलीच नाही. साहेबांनी डायरीत नोंद केली, दवाखान्याकडून मुलीच्या रक्त तपासणीचा कागद मागवला आणि आईला आणवलं. मिठागरावर राबणारं घर. नवरा न्हावा शेव्याला ट्रकवर.

साहेब दुपारभर एकच विचारत राहिले, कोणी मारलं. बाई खाली बघत बसली. डोळ्यांत टिपूस नाही. हिनेच मारलं असणार, असं मलाही वाटलं. उद्या गुन्हा दाखल करून मुलीला संस्थेत पाठवतो, असं साहेब म्हणाले, तेव्हा तिने माझं मनगट घट्ट धरलं.

सकाळी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. खिडकीतून खाटेवर ऊन आलं, तशी तिने पदर ओढून मुलीला झाकलं. मी हळूच विचारलं, का गं?

"जावल काढल्याबिगर हिला उनात न्यायची नाय. पयला पोर गेला, म्हणून देवीला बोललेली हाय."

"मग जावळ कधी?"

"हिच्या बापाला सुट्टी गावंल तवा."

जन्मल्यापासून मुलगी बंद खोलीतच होती. साहेबांपुढे मी कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी उघडलं आणि हे सांगितलं. डॉक्टरांनी रक्ताचा कागद पुन्हा काढला.

साहेब म्हणाले, "हाड मोडल्यावर रक्तात फरक पडतोच, असं तुम्हीच काल म्हणालात."

"हाड भरताना एक आकडा वाढतो, तेवढाच मी धरला. पण त्याने कॅल्शियम आणि फॉस्फरस असे खाली जात नाहीत."

डॉक्टरांनी मुलीच्या मनगटाचा एक्स-रे काढला. हाडांची टोकं पिंजल्यासारखी. मुडदूस, ऊन न मिळाल्याने हाडं मऊ पडण्याचा रोग. नुसतं लंगोट बदलतानाही हाड मोडलं असेल, म्हणाले. साहेबांनी तरीही शेजाऱ्यांचे जबाब घेतले. मारल्याचं कोणी सांगितलं नाही. गुन्हा दाखल झाला नाही.

औषधाबरोबर ऊन हवं होतं. बाई पदर काढेना.

"नवस मोडंल."

"मोडू दे. देवीला माझं नाव सांग."

तिने पदर काढला. मुलीने डोळे गच्च मिटले, आणि आई पहिल्यांदा रडली.

रडत नाही म्हणून मी तिला दोषी ठरवलं होतं. साहेबांनी निदान रक्ताचा कागद तरी मागवला होता.