भिंतीकडे तोंड

सुनेने लावलेली मालिका मी सहसा बघत नाही. परवा जेवताना मात्र नजर गेली. राणीच्या पलंगाला टेकून एक दासी बसली होती. अंगावर जरीचा शालू, नाकात मोत्यांची नथ. राणीच्या डोळ्यांत डोळे घालून ती महाराजांविषयी काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या. माझा घास हातातच राहिला.

"असं नसतं," मी म्हणालो.

"आजोबा, तुम्ही होतात का तिथे?" नात म्हणाली.

मी नव्हतो. माझी आत्या होती.

आत्या जाऊन पुष्कळ वर्षं झाली. सुतक दहा दिवसांत फिटतं म्हणतात, माझं कुठेतरी राहून गेलं आहे. म्हणून हे सावकाश लिहीत बसलो आहे.

किन्हीराजापासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथल्या जमीनदाराची मुलगी दूरच्या एका लहानशा संस्थानात दिली होती. नव्या नवरीला सासरी एकटं वाटू नये म्हणून माहेरची एखादी बाई किंवा मुलगी पाठराखीण म्हणून सोबत पाठवायची रीत होती. पाच-पंधरा दिवस राहायचं आणि परत यायचं. नवरी तेरा वर्षांची, आत्या बारा. दोघी एकत्र खेळलेल्या, म्हणून तिलाच पाठवलं. ती पाच-पंधरा दिवसांसाठी गेली आणि एकवीस वर्षांनी, संस्थान विलीन झाल्यावर, एक पत्र्याची पेटी घेऊन परत आली.

"राणीचा तिच्यावर लई जीव होता, सोडलंच नाई तिले," असं माझे वडील सांगत. गावानेही ते मानलं होतं. तिचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं, तरी लग्नघरची पहिली अक्षत तिच्याकडे येई. नवरीला शालू कसा नेसवायचा, रुखवत कसं मांडायचं, हे तिला विचारल्याशिवाय होत नसे. बायका तिला बाईसाहेब म्हणत. आत्या फार बोलत नसे. तिला गावात जे काही होतं ते म्हणजे हा मान.

मी तेव्हा बावीस वर्षांचा, गावच्या शाळेत मास्तर. घरात पुस्तकं वाचणारा मी एकटाच. पन्नास ते साठच्या मधलं एक साल. माघातल्या यात्रेला गावाने ऐतिहासिक नाटक करायचं ठरवलं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. राज्य काल्पनिक, राजा काल्पनिक, पण दरबार मात्र खरा वाटला पाहिजे, अशी माझी जिद्द. आमच्या घरातच खरा दरबार पाहिलेलं माणूस होतं. मी वही घेऊन आत्यासमोर बसलो. ती तूर पाखडत होती.

"राणी दिसायला कशी होती?" मी विचारलं.

"गोरी. टाचा नाजूक. डाव्या पायाच्या करंगळीले नख नव्हतं."

"पाय नाही गं. तोंड."

सूप थांबलं. "तोंड आपल्या गावात पाह्यलं होतं ना, लहानपनी. तिथं पाय."

मला वाटलं ती थट्टा करते आहे.

"एकवीस वर्षं?"

"वर पाहाची चालच नव्हती, बाबू. टाचेले भेग पडली का मले समजे, तिचा जीव बरा नाई."

"बोलत तर होती ना तुझ्याशी?"

"बोलत होती ना. 'पानी.' 'दिवा.' 'पंखा.'"

मग तिने सांगितलं की राजा किंवा राणी यायची झाली की चोपदार काठीचे तीन ठोके जमिनीवर मारी. ठोके ऐकले की वाटेतल्या दासींनी जिथे असतील तिथे भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. हातात पाणी असो, निखारे असोत. स्वारी पुढे गेली की एक ठोका. तो ऐकला की वळायचं.

मी भराभर लिहून घेतलं. मला धक्का बसला होता, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला होता. असं कोणत्याच नाटकात नव्हतं.

"हे तुय्या नाटकात घालू नको," ती म्हणाली. मी वर पाहिलं तशी म्हणाली, "बरं, घाल. पन माह्यं नाव सांगू नको."

तालमी शाळेच्या पडवीत चालत. किराणा दुकानदार राजा झाला होता, कारण त्याच्या मिशा होत्या. तरणा शिंपी दासी, कारण तो सडपातळ होता. कारंज्याहून आणलेल्या मखमलीच्या तुकड्यांचे कपडेही त्यानेच शिवले. चोपदार आमचा दवंडी देणारा कोतवाल.

"मास्तर, मी भित्तीकडे तोंड केलं तं लोकायले माह्यं तोंड कसं दिसन?" शिंप्याची तक्रार होती. "यवढी पावडर कायले लावू मंग?"

"पाठीले लाव," दुकानदार म्हणाला. "तुयी पाठच बरी हाय."

यात्रेच्या दिवशी गॅसबत्त्या तमाशावाल्यांनी आधीच नेल्या होत्या. म्हणून नाटक दुपारी चारला, शाळेच्या अंगणात, लख्ख उन्हात झालं. पहिल्या रांगेत, शाळेच्या भिंतीलगत, मी आत्यासाठी खुर्ची ठेवली होती. गावात चारच खुर्च्या होत्या. बाकीच्या तिन्हींवर पाटील आणि दोन पाहुणे.

पडदा उघडण्याआधी मी दोन शब्द बोललो. ते लिहिताना आजही बोटं अडतात. मी म्हणालो, "या नाटकातल्या दरबारी चालीरीती पुस्तकातल्या नाहीत. आमच्या आत्याबाईंनी स्वतः पाहिलेल्या आहेत." टाळ्या पडल्या. मी आत्याकडे पाहिलंच नाही.

दुसऱ्या अंकात कोतवालाने फळ्यांच्या रंगमंचावर काठीचे तीन ठोके मारले. त्याने ते फार छान मारले. शिंपी भिंतीकडे, म्हणजे रंगवलेल्या पडद्याकडे, वळला. लोक हसले. मी विंगेत संवादांची वही धरून उभा होतो. हसू एकाएकी दुसरीकडूनही येऊ लागलं म्हणून मी बाहेर पाहिलं.

आत्या उठून उभी राहिली होती. पदर पुढे ओढलेला, दोन्ही हात पोटाशी, कपाळ शाळेच्या भिंतीला जवळजवळ टेकलेलं. उन्हात तिची पाठ सगळ्या गावाला दिसत होती.

राजा आला. राजाचं भाषण मी तीन पानांचं लिहिलं होतं. दुकानदार ते म्हणत होता, आणि आत्या तशीच उभी होती. मागून कोणी बाई म्हणाली, "अवो बाईसाहेब, बसा ना!" ती हलली नाही. राजा बोलून आत गेला तरी हलली नाही. आता हसू थांबलं होतं. मला कळेना. आणि मग कळलं. जाण्याचा एक ठोका मी नाटकात लिहिलाच नव्हता.

मी कोतवालाच्या हातातली काठी हिसकावली आणि फळीवर एकदा मारली.

आत्या वळली. पदर सारखा केला आणि खुर्चीवर बसली, पाण्याचा तांब्या ठेवून आल्यासारखी. क्षणभर तिने समोर पाहिलं. मग आजूबाजूला पाहिलं, आणि तिला समजलं. मला तिचा चेहरा त्या क्षणी दिसला. ती उठून गेली नाही. नाटक संपेपर्यंत मान ताठ ठेवून बसली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिला कोणी बाईसाहेब म्हटलं नाही. एकीने म्हटलं ते मुद्दाम मोठ्याने, बाकीच्यांकडे बघत. "राणीची सोबतीन म्हने! भित्तीची सोबतीन निंगाली." आठ दिवसांनी जिथे ती नवरीला शालू नेसवणार होती, त्या लग्नघरून निरोप आला, आमी दुसरी बाई पाह्यली. वडील माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. आत्या बोलत होती. भाकरी वाढत होती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

किन्हीराजाच्या लोकांनी नाटक पाहिलं होतं. त्यांनी आपल्या गावी ते करायला बोलावलं. मी नाही म्हणणार होतो. निदान तो प्रसंग तरी फाडून टाकायचा म्हणून मी एका दुपारी वही उघडून बसलो. आत्या दारात आली.

"काय करून राह्यला?"

"काढून टाकतो ते."

"कायले?" ती खाली बसली. तिला वाचता येत नसे. "मले वाचून दाखव. त्या दिवशी माह्यं ध्यान नव्हतं."

"कुठलं वाचू?"

"राणी दासीसंगं बोलते थे."

तिसऱ्या अंकात मी तसा प्रसंग घातला होता. माझ्या मनाचा. राणी आजारी असते, दासीला जवळ बसवते, तिचा हात हातात घेते आणि म्हणते, "ताई, या वाड्यात माझं असं तूच एक माणूस आहेस. वर बघ. माझ्याकडे बघ." वाचताना मला लाज वाटली. आत्याने सांगितलेल्या सगळ्या खऱ्या गोष्टींत हे एकच धडधडीत खोटं होतं.

वाचून झालं.

"असं कोनी बोलत नसते," ती म्हणाली.

"माहीत आहे. हेही काढतो."

"काढू नको. पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. तिने डोळे मिटले होते. संपल्यावर म्हणाली, "ताई नाई. थे मले ताई म्हनत नव्हती. गावात, लहानपनी, नावानं बोलावे." आणि तिने एक नाव सांगितलं. ते तिचं पाळण्यातलं नाव नव्हतं. घरात कोणी तिला त्या नावाने हाक मारल्याचं मी ऐकलं नव्हतं. दोघींनी खेळात ठेवलेलं ते नाव होतं. "थे घाल."

मी ताई खोडलं आणि ते नाव लिहिलं. इथे लिहीत नाही.

किन्हीराजाला ती आली नाही. जाण्याचा ठोका आता नाटकात होता, पण मी तिला चल म्हणालो नाही. प्रयोग आटोपून बैलगाडीने घरी पोचलो तेव्हा ती ओसरीवर बसली होती.

"म्हनली का राणी थे नाव?" तिने विचारलं.

"म्हणाली."

"हळू म्हनली का जोऱ्यानं?"

"जोऱ्यानं."

"सगळ्यायले ऐकू गेलं?"

"गेलं," मी म्हणालो.