सतरा नंबरच्या गळ्यातला हार

नामाच्या रोहिणीनं कंपनीतल्या मशीनशी लगीन लावलं, ही बातमी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खालापुरात सुटली आणि चहा निवायच्या आत खोपोलीला पोचली. कंपनीची गाडी चालवणारा धाकलू शपथेवर सांगत होता: हार घातला, हात जोडले, वर साहेबानं फोटोही काढला! मीही बातमी चार घरी पोचवली, खोटं कशाला बोलू. फक्त अक्षता तेवढ्या माझ्या पदरच्या टाकल्या.

रोहिणी चौतीस वर्षांची. लग्नाचा विषय काढणाऱ्याला ती चहा देते आणि चहा संपला की त्याची चप्पल कुठं आहे ते दाखवते. बाप नामा खोपोलीच्या कागद गिरणीत फिटर होता, आता गुडघे धरून घरी बसलाय. ही आयटीआय करून हायवेकडच्या त्या बिनखिडक्यांच्या इमारतीत टेक्निशियन, सहा वर्षं कंत्राटावर. कायम करायचं पत्र दिवाळीआधी मिळणार, असं ठरलेलं.

त्या इमारतीत काय चालतं यावर गावात निदान सहा मतं आहेत. रोहिणीनं मला सांगितलं ते असं. टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा असतो ना, त्याच्या पोटातलं सगळं सामान इथं आणून बसवलंय. एका सर्व्हरमध्ये चार डब्यांचं सामान आणि एका उंच कपाटात असे वीस सर्व्हर. कुणी नागपुरात गादीवर लोळत फोनवर मोटार पळवतो, पण ती मोटार खरी धावते इथं. तापतेही इथंच. म्हणून प्रत्येक सर्व्हरला तोंडाशी जाळी, आत गार हवा ओढणारे पंखे, आणि पंखे फिरतायत की नाही ते सांगायला स्क्रीन.

नवव्या कपाटातला सतरा नंबरचा सर्व्हर श्रावणापासून आजारी होता. मधेच तापायचा, खेळणाऱ्याची मोटार रस्त्यातच थिजायची. स्क्रीन म्हणायची, पंखे ठणठणीत. सुपरवायझर जितेश म्हणायचा, सॉफ्टवेअरची भानगड आहे, वर कळवलंय.

दसऱ्याला यंत्राची पूजा झाल्याशिवाय नामाच्या घरात कुणी जेवत नाही. सकाळी त्यानं हार ओवला: झेंडू, आंब्याची पानं, मधेमधे भाताच्या लोंब्या.

"बाबा, कुंकू नाय न्यायचं. आत धूळ चालत नाय," रोहिणी म्हणाली.

"मग नुसता हार घाल गं. पर जे मशीन दुखतंय त्यालाच घाल. आमी मिलमधी तसंच करायचो."

रोहिणीनं ऐकलं. अगरबत्ती नाही, कुंकू नाही. कपाटाचं दार उघडून तिनं हार सर्व्हरांच्या तोंडावरून सरळ खाली सोडला, मधलं पान बरोबर सतरावर येईल असा. हात जोडले. त्या दिवशी सुट्टी. अर्धा देश घरी बसून गेम खेळत होता. तासाभरात सतराचा भोंगा वाजला.

जितेश धावत आला. "रोहिणीताई, हे देऊळ आहे का?"

"दसरा हाय, सर."

"हवेचं तोंड बंद केलंत तुम्ही!" त्यानं आधी फोटो काढला आणि मग हार ओढला. तोवर तापून सतरा आपोआप बंद पडला. चार खेळणारे भर खेळातून बाहेर फेकले गेले. संध्याकाळी रिपोर्ट पुण्याच्या हेड ऑफिसला गेला: हारामुळे सर्व्हर बंद. असला रिपोर्ट खरा ठरला तर कायमचं पत्र राहू दे, कंत्राटही जाणार.

नामानं भरलं ताट बाजूला सारलं. "माझ्या हारानं तुझं काम घालवलं गं."

"हार तुमचा, घातला मी. जेवा गप."

आठवड्यानं पुण्याहून रिया मॅडम चौकशीला आल्या. जितेशनं पुरावा म्हणून फोटो मोठ्या स्क्रीनवर लावला. रोहिणीनं तो तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. पाहिला, आणि खुर्चीतून उठलीच.

"मॅडम, जरा मोठा करा. वरलं पान बघा, खाललं बघा. टेबलफॅनच्या पाठीला कागद चिकटतो तशी जाळीला चिकटलीत. आता सतरापुढचं बघा."

सतरापुढचं पान सरळ लोंबत होतं, झाडावर लोंबावं तसं.

"म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"म्हंजे तिथं हवा आत जातच नाय. हार नसता तरी गेली नसती."

जितेश म्हणाला, "बंद पडल्यावर पंखे थांबले असतील."

"सतराचा दिवा बघा, सर. हिरवा हाय. तुमी फोटो काढला तवा तो चालूच होता."

मॅडम उठल्या. सतरा बाहेर काढून झाकण उघडलं. जाळी आणि पंख्यांच्या मधोमध पॅकिंगच्या फोमचा पांढरा तुकडा, वडीसारखा घट्ट बसलेला. पंखे बिचारे इतके दिवस त्याच्यामागं गरागरा फिरत होते, म्हणून स्क्रीन खूश.

"हा शेवटचा कुणी उघडला होता?"

जितेशनं एकदा छताकडं पाहिलं. "मीच. श्रावणात नवे पंखे बसवले तेव्हा."

एवढं मात्र त्याचं मानलं पाहिजे, दुसऱ्यावर ढकललं नाही. रोहिणी तरी कसली सोडते! "सर, पुढल्या दसऱ्याला हार तुमी आणा."

"हार कुणीच आणायचा नाही," मॅडम म्हणाल्या. पण जाताजाता हुकूम देऊन गेल्या, प्रत्येक सर्व्हरच्या जाळीपुढं एकेक रेशमी फीत बांधायची. चिकटली तर ठीक, लोंबली तर उघडून बघा.

पत्र धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आलं. नामानं ते दोनदा वाचून घेतलं आणि पानावर बसला तो तिसऱ्यांदा भात वाढून घेऊनच उठला. धाकलूला मी विचारलं, "आता काय सांगशील रं?" तो म्हणाला, "लगीन मोडलं."

रोहिणीनं लग्न केलेलं नाही. दसरा होता म्हणून तिनं आजारी सर्व्हरला हार घातला. आत फोम राहिला होता. तो काढला.